कोरडे हातमोजे

नोव्हेंबरात सूर्य डोंगरामागे जातो
आणि आमच्या फ्योर्डला फेब्रुवारीपर्यंत तोंड दाखवत नाही.
तेवढ्या अंधारात आम्ही ते कवन वाचतो,
दरवर्षी तेच,
मासळीच्या कारखान्यामागच्या खोलीत, दर गुरुवारी,
कॉफीच्या आणि ओल्या लोकरीच्या वासात.

सोळाव्या कडव्याशी गाडी अडते.
मारेकरी दारात उभे. मित्र म्हणून आलेले.
चल, पलीकडच्या बेटावर मेंढरं अडकलीत.
तो उठतो. ती उठते.
कवी, ज्याचं नावसुद्धा उरलं नाही,
अख्ख्या कवनात तिला एवढीच एक ओळ देतो:
कोरडे हातमोजे दिले तिने त्याला.
पुढच्या कडव्यात होडी रिकामी.

बावीस वर्षं मी शाळेत शिकवलं,
हातमोजे म्हणजे प्रेम. निष्ठा. घराची ऊब.
फळ्यावर लिहिलं, खाली रेघ ओढली.
पाच गुण.

परवा आउस्ग्रीमुर आला, पहिल्यांदाच;
बायको गेल्यापासून घर खायला उठतं म्हणाला.
सत्तेचाळीस वर्षं समुद्रावर, डाव्या हाताला तीनच बोटं.
ऐकत राहिला, मग खाकरला,
"कोरडे? कोरडे मोजे घालून वल्हं कोण धरतं?"

कुणी बोललं नाही.

"आधी खाऱ्या पाण्यात बुडवायचे,
पिळायचे, पायाखाली तुडवायचे, परत पिळायचे.
लोकर आटते, दाट होते, वारा आत शिरत नाही.
माझ्या आईची बादली दारातच असायची.
कोरडे देणारी बाई
एकतर समुद्र जाणत नाही,
नाहीतर फार चांगला जाणते."

हाल्बेरा पुढे सरकली. दिवसभर कॉड सोलून
तिच्या हातांना खवल्यांची चकाकी होती.
"मग तिनेच बोलावलं असणार त्यांना."
म्हाताऱ्या पाद्र्याने कप बशीत जरा जोरात ठेवला:
मेलेल्या बाईच्या माथी काहीही मारू नये.
"मेलेली कुठे? कागदावरची," हाल्बेरा म्हणाली,
आणि तो अधिकच रागावला.

एइदीस सगळ्यांत लहान, पानं उलटत होती.
"चौथं कडवं बघा. ती आतल्या खोऱ्यातली आहे,
जिथून समुद्र दिसत नाही.
तिच्या माहेरी कोरडं देणं हीच माया.
तिला कुणी सांगितलंच नाही,
इथे माया भिजवून द्यायची असते."

छान बोलली. सगळ्यांना पटलं.
मलाही पटलं असतं.

पण मला रेइदारचा पेपर आठवत होता,
तेरा वर्षांपूर्वीचा, निळ्या शाईतला:
तिला तो परत यायला नको होता.
म्हणून शेवटी एकदा ती त्याच्याशी चांगलं वागली.
मी लाल शाईत लिहिलं होतं, कवनात आधार नाही.
शून्य.

आधार कवनात नव्हताच.
गावातल्या गरम पाण्याच्या तलावावर
सगळ्या बायका यायच्या, म्हाताऱ्यासुद्धा, गरोदरसुद्धा.
रेइदारची आई कधी आली नाही.
पालकसभेत गळ्याचा रुमाल न काढता बसायची,
हीटर चालू असताना.
मी तिला पोराच्या अक्षराबद्दल बोललो.

घरी जाताना धक्क्यावर थांबलो.
कुणी बघत नाही असं पाहून
हातमोजे समुद्रात बुडवले, पिळले, घातले.
आधी हाडापर्यंत कळ.
बोटं आपली आहेत की नाहीत तेच कळेना.
मग, बऱ्याच वेळाने, हळूहळू, अंगठ्यापासून ऊब.

म्हणजे आउस्ग्रीमुरचं खरं.
तिच्याबद्दल मात्र
मला अजून काहीही माहीत नाही.

रेइदार दक्षिणेकडे कुठल्याशा ट्रॉलरवर असतो म्हणे.
पत्ता मिळेलही.
काय लिहायचं ते सुचत नाही.
येत्या गुरुवारी सतरावं कडवं घ्यायचं ठरलंय;
मी सांगणार आहे, पुन्हा सोळावंच.